एक साडी पांढरी करून द्या

मी नुसता हात लावला. शप्पथ सांगतो, नुसता हात. पांढऱ्या साडीच्या पदरावर हळदीचा डाग होता, तळहाताएवढा. समोरच्या बाईंनी विचारलं, "हा निघेल का, भाऊ?" आणि डॉक्टर पेशंटचं पोट दाबून बघतो तशी मी त्या डागावर पाच बोटं टेकवली, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "बघू या."

बोटं उचलली तर डागावर पाच लालभडक ठसे.

बाई किंचाळल्या. "अरे भाऊ, पिवळं होतं तेच बरं होतं की!"

झालं होतं असं, की त्याआधी मी एक ओढणी रंगवत होतो. सुती कापडाला रंग धरावा म्हणून पाण्यात सोडा घालतात, आणि माझे हात त्याच पाण्यातून निघून थेट गिऱ्हाइकाच्या साडीवर गेले. हळदीला सोडा, साबण, चुना असलं काही लागलं की ती लाल होते. घरोघरच्या बायांना हे माहीत असतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात अजून ओळख झालेली नाही.

मी नंदुरबारच्या बाजारात रंगाऱ्याचा धंदा करतो. वडील हेच करत, त्यांचे वडील हेच करत. दुकानाच्या पाटीवर दोनच शब्द आहेत: पक्का रंग. त्या दोन शब्दांवरून माझी जितकी भांडणं झाली, तितकी बायकोशीही झाली नाहीत. ती मात्र हे मान्य करत नाही.

आता त्या बाईंना काउंटरपाशी जरा तसंच थांबवून धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढची धावपळ कळायची नाही.

लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे कापड बुडवायचं आणि काढायचं. अहो, कापडाची जात ओळखण्यातच अर्धी अक्कल खर्च होते. सुताला एक रंग लागतो, रेशमाला दुसरा. सुताला सोडा लागतो, रेशमाला आंबट. पॉलिस्टर तर आमच्या पातेल्यात कितीही उकळा, आंघोळ करून आल्यासारखं कोरंच बाहेर येतं. ब्लाऊज सुती असतो पण शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो. मग सगळा ब्लाऊज जांभळा होतो आणि शिवण पिवळीच राहते, आणि बाई म्हणतात, "शिवण का सोडली?"

त्यात रंगांची नावं. गाजरी, अबोली, मोरपंखी, बदामी, राणी, मिरची, कोनफळी. प्रत्येकीच्या घरचं गाजर वेगळं. म्हणून मी म्हणतो, नमुना आणा. तर एक बाई आंब्याची कोवळी पानं घेऊन आल्या. म्हणाल्या, अगदी हा रंग. तो तांबूस, ओला, चमकदार रंग जमेपर्यंत माझी दुपार गेली, आणि संध्याकाळी त्या आल्या तोवर पान सुकून काळं पडलं होतं. कापडावर पान ठेवून म्हणाल्या, "कुठे जुळतंय?"

कोरीटचे एक शेतकरी दादा दरवर्षी एक सदरा रंगवायला आणतात. गडद लाल, आणि पक्काच पाहिजे. मला वाटायचं, नवस असेल. शेवटी विचारलं. म्हणाले, "बुजगावण्याना शे. मांगला साल उनखाल रंग उडी गया, डुकरे त्याले वळखाले लागनात." त्या सदऱ्याची मी सगळ्यात जास्त काळजी घेतो. डुकरांसमोर इज्जत जायला नको.

मध्यंतरी नैसर्गिक रंगांची हवा आली. धडगावकडे कामानिमित्त आलेल्या पुण्याच्या एक ताई दुकानात येऊन म्हणाल्या, "काका, मला पळसाच्या फुलांचा पिवळा हवा." माझी हयात डब्यातल्या रंगात गेलेली. पण नाही म्हणणं रक्तात नाही. ताईंनी धडगावहून जीपच्या टपावर पोतंभर फुलं पाठवली. मी ती उकळली, आणि नेमकी उकळली घरातल्या जुन्या लोखंडी कढईत. फुलांच्या रंगाला लोखंड लागलं की तो काळवंडतो. पिवळ्याऐवजी शेवाळी दुपट्टा बाहेर आला. ताईंनी तो डोळे मिटून छातीशी धरला आणि विचारलं, "काका, कुणी विचारलं तर या रंगाला काय म्हणू?" मी म्हणालो, "कढई म्हणा."

तर असा मी. आणि माझ्यासमोर पाच लाल बोटांची पांढरी साडी.

बाई विसरवाडीच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाहून आल्या होत्या. सोबत भाच्याची मोटारसायकल आणि भाचा. त्याचं नाव दानियल. तो यांना फुई, म्हणजे आत्या, म्हणत होता, म्हणून मीही फुईच म्हणू लागलो. घरी त्यांची बोली वेगळी. माझ्याशी त्या मराठीत बोलत, वरून गुजरातीची फोडणी. दानियलच्या बहिणीचं, एस्तेरचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या चर्चमध्ये लग्न होतं. नेसायची ती आईच्या लग्नातली साडी, इतकी वर्षं पेटीत जपलेली. सकाळी एस्तेर ती अंगावर लावून बघत होती. फुई हळद कालवत होत्या. चर्च झालं तरी हळद त्या घरातून काही गेलेली नाही. पोरगी एवढी गोड दिसत होती म्हणे, की फुईंना राहवलं नाही. उठल्या आणि तिला हळदीच्या हातानंच जवळ घेतलं.

"माझ्या वहिनीला अजून माहीत नाही," फुई म्हणाल्या. "तिला सांगितलं, साडी इस्त्रीला नेते. नवापूरच्या लाँड्रीवाल्यानं हात जोडले. भाऊ, उद्या ती पोरगी दुसरी साडी नेसून उभी राहिली ना, तर मी मरेपर्यंत सगळे म्हणतील, हीच ती फुई."

"आता ते असंही म्हणतील, हाच तो रंगारी," दानियल म्हणाला. पोरगा कमी बोले, पण नेमकं बोले.

पहिलं काम, कापड ओळखणं. मी काठाचा एक सुटा धागा ओढला आणि काडीपेटी काढली. फुईंनी झडप घालून माझं मनगट धरलं. "वाचवायला आणली आहे, जाळायला नाही!" त्यांना समजावलं, की धागा जाळला की वासावरून जात कळते. सूत जळलं तर कागदाचा वास, रेशीम जळलं तर केसांचा, आणि पॉलिस्टर जळत नाही, वितळून त्याची गोळी होते. वास आला केसांचा. अस्सल रेशीम. म्हणजे ब्लीचिंग संपलं. ब्लीचिंगनं डाग जातो, पण सोबत रेशीमही जातं.

मी ओरडलो, "लिंबं आणा, लिंबं!" दानियल धावला. तेवढ्यात माझी बायको सुमन डबा घेऊन आली. आमचं घर दुकानाच्या वरच आहे, पण डबा ती मुद्दाम खाली आणून देते, मी खरंच काम करतो का ते बघायला. तिनं साडी पाहिली, फुईंचं तोंड पाहिलं, माझे हात पाहिले, आणि सगळं समजली.

"रेशीम रंगाडाना ॲसिडनी कॅन तुमना पायखाल शे," ती म्हणाली. "लिंबू कसाले?"

खरंच होती. रेशमाला आंबट पाणी लागतं म्हणून व्हिनेगरच्या वासाची ती कॅन कायम माझ्या पायाशी असते. तिला ठेचाळून मी दोनदा पडलोही आहे. हात साबणानं धुतले, मग नुसत्या पाण्यानं धुतले, मग सुमननं ते हुंगून पास केले. टोपभर पाण्यात थोडं ॲसिड टाकलं आणि पदर बुडवला.

पाच लाल बोटं पाण्यात गेली आणि पापणी लवायच्या आत पिवळी झाली. जणू कुणी पुसली. फुईंनी दोन्ही हात जोडले. "प्रभू!"

"फुई, लाल गेलं," मी म्हणालो. "पिवळं आहेच."

आता पिवळ्याची गोष्ट. हळदीचा रंग कुणी मागितला की माझे वडील त्याला दारातूनच परत पाठवत. म्हणत, "हळद उन्हाची पाहुणी. ऊन बोलावतं, ती जाते." उजेडात हळद टिकत नाही. दुकानाच्या पाटीला ती काळिमा, म्हणून आमच्या घराण्यानं तिला कधी पातेल्यात घेतली नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला हळदीच्या कच्चेपणावर असं प्रेम आलं, की काय सांगू! पक्का रंग असता तर सगळं संपलं होतं. कच्चा होता म्हणून आशा होती. फक्त ऊन हवं होतं. भरपूर, थेट, न थांबणारं ऊन.

आणि आमची गल्ली म्हणजे अशी, की तिथे ऊनसुद्धा ओळख काढून येतं.

गच्चीवर पळालो. सुमननं एक टोक धरलं, लिंबं घेऊन परतलेल्या दानियलनं दुसरं. फुई पदराला हात लावायला पुढे झाल्या तशी सुमन म्हणाली, "फुई, तुमी नही. तुमी दूर बठा." मी पुढे झालो. "आनि तुमीबी." मग ज्या दोघांनी पाप केलं होतं ते आम्ही दोघं टाकीला टेकून, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसलो. मधूनमधून मला पाण्याचा हबका मारायची परवानगी होती. ओल्या कापडावर ऊन जोरात काम करतं.

फुईंचा फोन वाजला. वहिनी. "अगं, इस्त्रीवाल्याकडे रांग आहे," फुई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा. "अगं, कोळसा संपला त्याचा." पुन्हा. "अगं, आता कोळसा आला, तर इस्त्रीवाला जेवायला गेला." मी विचारलं, "फुई, चर्चमध्ये खोटं चालतं का?" त्या म्हणाल्या, "आज आपण गच्चीवर आहोत."

डाग उतरत होता! लिंबाच्या सालीसारखा होता तो केळ्याच्या गराइतका फिका झाला. आम्ही चौघं त्याच्याकडे दूध उतू जाईल अशा नजरेनं बघत होतो. आणि मग शेजारच्या नव्या इमारतीची सावली गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरली, सरपटत आली आणि पदरावर बसली. थंडीचे दिवस, ऊन लवकर कलतं. सुमननं साडी सरकवली, सावलीही सरकली. शेवटी गच्ची संपली.

"मिरचीनी पथारीवर चाला," सुमन म्हणाली.

नंदुरबारबाहेर हंगामात मिरच्या वाळत घालतात, ती उघडी मैदानं म्हणजे पथारी. न झाड, न भिंत, न आडोसा. सूर्य मावळेपर्यंत तिथे सगळं ऊन तुमचं. पण सगळीकडे लाल मिरची! पांढरी साडी घेऊन मिरचीच्या समुद्रात जायचं, म्हणजे मांजराच्या घरी दूध ठेवायला जायचं. तरी निघालो. सुमन माझ्या स्कूटरवर, साडी ओल्या पंच्यात गुंडाळून तिच्या मांडीवर. फुई दानियलच्या मागे.

पथारीचे मालक हिरामण आबा माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना सांगितलं तर आधी ते हसले, मग शिंकले, मग म्हणाले, "वाऱ्याना तोंडले उभा ऱ्हावा, म्हंजे मिरची तुमनाकडे येवाऊ नही." वारा ज्या बाजूनं येत होता त्या काठावर आम्ही गेलो. ऊन तिरपं झालं होतं. साडी जमिनीवर पसरली तर उजेड तिच्यावरून नुसता घसरून जात होता. इथे मात्र माझी अक्कल चालली, नोंद असावी. मी म्हणालो, "निजवू नका, उभी करा! सूर्यासमोर उभी करा!"

मिरच्या पालटणाऱ्या बाया डोक्या-तोंडाला फडकी बांधून बघत होत्या. एकीनं विचारलं, "काय व्हयनं?" सुमननं दोन वाक्यांत सांगितलं. त्या बायांनी हात खसाखसा धुतले, कोरडे केले आणि आल्या. दोघींनी वरचा काठ धरला, दोघींनी खालचा. साडी पडद्यासारखी ताणून पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली, आणि सूर्य जसा खाली जाईल तशा त्या बाया तिला वाकवत होत्या, वळवत होत्या. एकीनं हळदीचं गाणं धरलं. बाकीच्यांनी उचललं. समोर लाल मिरच्यांचं रान, मध्ये पांढरं रेशीम, आणि हळद जावी म्हणून हळदीचं गाणं! फुई नाकाला पदर लावून शिंकत होत्या, रडत होत्या, आणि यातलं मिरचीचं किती आणि मनाचं किती, ते विचारायची सोय नव्हती.

"गेला!" दानियल ओरडला.

आम्ही सगळे डोकी जवळ घालून बघू लागलो. दिसत नव्हता. बाया म्हणाल्या, गेला. आबा म्हणाले, गेला. फुईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, बोला."

मी मावळतीकडे बोट दाखवलं. कारण आमच्या धंद्यातला पहिला नियम: सांज झाली की रंगाचा निकाल द्यायचा नाही. मावळतीच्या उजेडात सगळं जग पिवळं असतं. फुई पिवळ्या, सुमन पिवळी, माझा शर्ट पिवळा. त्यात पिवळा डाग उरला आहे की नाही, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. ट्यूबलाइटखाली तर पांढरं निळं दिसतं; तो दुसराच खोटारडा. खरं फक्त सकाळचं ऊन सांगतं.

"उद्या सकाळी कळेल," मी म्हणालो.

"उद्या सकाळी लग्न आहे, भाऊ."

त्यांनी साडी उराशी धरली नाही. मी तसं बजावलंच होतं. पंच्यात गुंडाळून दानियलच्या पाठीवरच्या पिशवीत दिली. जाताना फुई म्हणाल्या, "लग्नाला या. दोघं या." मला ते आमंत्रणही वाटलं आणि जामीनही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मी सकाळीच आंघोळ करून स्कूटरजवळ उभा. सुमन म्हणाली, "लगन आपला घरनं शे का?" पण ती माझ्याआधी तयार होती, आणि ठेवणीतली साडी नेसली होती. रस्ताभर मी एकच विचार करत होतो. तो डाग फिकट बदामी होऊन राहिला असेल. सकाळच्या उन्हात आईनं पदर उलगडला असेल. एस्तेरला दुसरी साडी नेसवत असतील. फुई स्वयंपाकघराच्या मागे बसून असतील.

गाव छोटं, चर्च छोटं, माणसं दारापर्यंत. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले. मला काही दिसेना. मी बाकावर चढायला गेलो, सुमननं शर्ट धरून खाली ओढलं. मग दारातून नवरी आत आली. तिच्या मागे सकाळचं स्वच्छ, पांढरं, कुणाचीही भीड न ठेवणारं ऊन आत आलं, आणि ते थेट पदरावर पडलं.

मी बघितलं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. पदर माझ्या अंगावरून हातभर अंतरानं गेला तेव्हा वाकून बघितलं. पांढरा. जुन्या रेशमाचा असतो तसा, तांदळाच्या दाण्यासारखा, सगळीकडे सारखा पांढरा. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. कितीतरी रंग लोकांच्या अंगावर चढवले, पण एखादा रंग मी असा तीनतीनदा बघितलेला मला आठवत नाही. आणि हा तर रंगच नव्हता.

पुढच्या बाकावर आई लेकीकडे बघत होती; तिच्या दृष्टीनं ती साडी नंदुरबारला जाऊन फक्त इस्त्री होऊन आली होती. तिच्या शेजारी फुई. त्यांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं, आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, पोटाजवळ, आपले दोन्ही तळहात उघडून मला दाखवले. स्वच्छ धुतलेले. मीही माझे दाखवले.

परतताना मी विसरवाडीला स्कूटर थांबवली. मला इतका आनंद झाला होता, की घरी जाईपर्यंत तो धरून ठेवणं शक्य नव्हतं. हॉटेलात गरम भजी निघत होती. मी आमच्यासाठी घेतली, मग शेजारच्या बाकावरच्या ट्रक ड्रायव्हरला दिली, एस.टी.ची वाट बघणाऱ्या दोन आजींना दिली, आणि सगळ्यांना साडीची गोष्ट सांगितली. पाच लाल बोटांशी मी जरा घाईनं पुढे जात होतो, पण सुमन प्रत्येक वेळी मला थांबवून ती बोटं पुन्हा घालत होती.

शेवटी तिनं रुमालाला हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आख्खी जिंदगी लोकेससंगे भांडनात, मन्हा रंग जास नही म्हनीसन. आज एक रंग गया, ते गावभर भजा वाटी ऱ्हायनात!"

मग तिनं माझ्या ताटलीतलं शेवटचं भजं उचललं आणि एस.टी.च्या बाकावरच्या तिसऱ्या आजींना नेऊन दिलं. "खावा, माय," ती म्हणाली. "मन्हा मालकनी साडी धोई शे."